येर्माक का अडला, आणि तैमिर-वायगाच पुढे कसे गेले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १८९९ मध्ये 'येर्माक' हा सुमारे १०,००० अश्वशक्तीचा, त्या काळातला जगातला सर्वांत ताकदवान रशियन आइसब्रेकर (बर्फ मोडून वाट काढणारं जहाज) आर्क्टिकमधून दोनदा माघारी आला आणि १९०१ मध्ये रशियाच्या उत्तरेकडच्या नोवाया झेमल्या बेटांच्या किनाऱ्याजवळ जवळपास महिनाभर अडकून पडला. पुढे १९१३ मध्ये 'तैमिर' आणि 'वायगाच' या प्रत्येकी जेमतेम १,२२० अश्वशक्तीच्या जहाजांनी पृथ्वीवरचा शेवटचा मोठा अज्ञात द्वीपसमूह शोधला. मग एवढ्या ताकदीचा उपयोग काय झाला?

उपयोग भरपूर झाला, फक्त ज्या कामासाठी ती ताकद बांधली होती तिथे झाला नाही. का झाला नाही हे कळायला आधी बर्फ मोडतो कसा ते पाहावं लागेल.

बर्फ दाबून चिरडायला कठीण आणि वाकवून मोडायला सोपा असतो. गुळाची चिक्की दोन बोटांत चिरडायला गेलात तर बोटं दुखतील, पण ताटाच्या कडेवर ठेवून टोक दाबलं की ती कट्‌कन मोडते. साध्या जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उभी असते, त्यामुळे ते बर्फाच्या कडेवर जाऊन धडकतं, म्हणजे बर्फाला चिरडायला बघतं. आइसब्रेकरची नाळ पाण्याशी इतका कमी कोन करते की जहाज बर्फाच्या पाठीवर चढतं आणि स्वतःच्या वजनाने त्याला खाली वाकवतं. इंजिनाचं काम जहाजाला वर चढवण्याचं, मोडण्याचं काम वजनाचं.

ही युक्ती प्रत्यक्षात आणली ती क्रोनश्टाटचा व्यापारी मिखाइल ब्रिटनेव याने, १८६४ मध्ये. क्रोनश्टाट हे सेंट पीटर्सबर्गसमोरच्या कोटलिन बेटावरचं शहर. हिवाळ्यात बर्फावरून घसरगाड्या जात आणि उन्हाळ्यात बोटी, पण मधल्या आठवड्यांत बर्फ बोटीला जड आणि गाडीला कच्चा असल्यामुळे बेट तुटून पडे. ब्रिटनेवने आपल्या 'पायलट' या छोट्या वाफेच्या बोटीची नाळ खालून कापून सुमारे २० अंशांच्या उताराची केली. तेवढ्याने समोरच्या किनाऱ्यावरच्या ओरानियनबाउमपर्यंतची फेरी वसंतात आणि शरदात कित्येक आठवडे जास्त चालू लागली. १८७०-७१च्या कडक हिवाळ्यात हॅम्बर्ग बंदर गोठलं तेव्हा जर्मनांनी या बोटीचे आराखडे विकत घेतले आणि फर्डिनांड श्टाइनहाउसने चमच्यासारख्या गोलसर नाळेचा आइसब्रेकर बांधला. तिकडे अमेरिकेत मॅकिनॅक सामुद्रधुनीतल्या रेल्वे-फेरीवाल्यांनी १८८८ मध्ये 'सेंट इग्नेस' बोटीला मागच्या पंख्याबरोबर नाळेखालीही एक पंखा लावला. तो पंखा बर्फाखालचं पाणी ओढून घेतो, आधार गेलेला बर्फ लवकर मोडतो, शिवाय पाण्याचा झोत मोडलेले तुकडे अंगावरून मागे ढकलतो आणि घर्षण कमी करतो. कल्पना फार हुशारीची होती, आणि पुढे तिनेच घात केला.

व्हाइस ॲडमिरल स्टेपान मकारोव याने हे सगळे धागे एकत्र आणले. १८९७ मध्ये त्याने जाहीर व्याख्यान देऊन मांडलं की शक्तिमान आइसब्रेकरने सरळ उत्तर ध्रुवाकडे घुसता येईल. नौदलाला यात रस नव्हता. अर्थमंत्री सर्गेई विट्टे याने पैसा दिला, कारण त्याला सेंट पीटर्सबर्गचं बंदर आणि सैबेरियातल्या ओब-येनिसेई नद्यांचा व्यापार दिसत होता. रसायनशास्त्रज्ञ मेंदेलेयेव आराखड्याच्या समितीवर होता आणि मकारोवच्या बाजूने ठाम उभा राहिला. जहाज इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ गोदीत बांधलं आणि ऑक्टोबर १८९८ मध्ये पाण्यात उतरवलं.

आराखडा आजही शिकण्यासारखा आहे. नाळ उभ्या रेषेपासून ७० अंश कललेली, म्हणजे पाण्याशी २० अंश, ब्रिटनेवचाच कोन. मागची बाजू ६५ अंश कललेली, कारण मागे येतानाही बर्फ मोडावा लागतो. दोन्ही कुशी, म्हणजे जहाजाच्या बाजू, २० अंश तिरप्या, म्हणजे बर्फाने आवळलं तर जहाज चिरडण्याऐवजी वर सरकावं. हे तत्त्व नॉर्वेचा ध्रुवशोधक नॅन्सन याच्या लाकडी 'फ्राम'नेही वापरलं होतं. आत ४८ पाणबंद कप्पे होते आणि बांधणीच्या वेळी ते पाण्याने भरून तपासले. ही तपासणी त्या काळात कोणी करत नसे आणि मकारोवने ती हट्टाने करून घेतली. नाळेत, मागे आणि दोन्ही कुशींना पाण्याच्या टाक्या होत्या, जोरदार पंपाने पाणी इकडून तिकडे फिरवून जहाज झुलवता येई. चार इंजिनं, प्रत्येकी सुमारे २,५०० अश्वशक्तीची. तीन पंखे मागे आणि अमेरिकन पद्धतीचा एक नाळेखाली.

मार्च १८९९ मध्ये येर्माक फिनलंडच्या आखातातला बर्फ मोडत क्रोनश्टाटला आला तेव्हा लोक बर्फावरून चालत त्याच्या शेजारून आले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस 'जनरल-ॲडमिरल अप्राक्सिन' ही युद्धनौका गोगलंड बेटाच्या खडकांवर चढली. तिला सोडवण्याच्या कामात हिवाळाभर माणसं आणि सामान पोचवलं ते येर्माकनेच. गोगलंड आणि कोटका यांच्यात रशियन शास्त्रज्ञ पोपोवचं बिनतारी यंत्र बसवलं होतं. फेब्रुवारी १९०० मध्ये त्यावरून आलेला पहिलाच महत्त्वाचा संदेश येर्माकच्या कप्तानासाठी होता: लावेन्सारीजवळ बर्फाचा तुकडा सुटून कोळी वाहून चालले आहेत, मदत करा. २७ जण वाचले. बाल्टिकसाठी हे जहाज पहिल्या हिवाळ्यातच वसूल झालं होतं, हे विसरून त्याला 'अपयशी' म्हणणं बरोबर नाही.

आता आर्क्टिक. जून १८९९ मध्ये येर्माक नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्पिट्सबर्गनच्या बाजूला जुन्या बर्फात शिरला. जहाज जबर थरथरू लागलं, नाळेकडचा भाग गळू लागला, आणि मकारोवने तडक न्यूकॅसल गाठलं. तिथे पुढचा पंखा काढून टाकला, नाळेला आतून जादा आधार दिला आणि जुलैमध्ये तो परत आला. या वेळी उत्तर अक्षांश ८१ अंश २८ मिनिटांपर्यंत मजल गेली. पण बर्फाच्या एका बांधाला धडकून नाळेजवळ भोक पडलं आणि पुन्हा माघार घ्यावी लागली.

गाडी फसली ती इथे. बाल्टिकचा बर्फ म्हणजे एका हिवाळ्याचा बर्फ: सपाट, सलग, साधारण अर्धा-पाऊण मीटर जाड. समुद्राचं पाणी गोठताना खारट पाण्याच्या बारीक कुप्या त्यात अडकतात, म्हणून तो ठिसूळ आणि नरम असतो. आर्क्टिकचा जुना बर्फ उन्हाळ्यामागून उन्हाळे टिकलेला. दर उन्हाळ्यात त्यातलं खारट पाणी झिरपून जातं आणि उरतो जवळजवळ गोड्या पाण्याचा, कठीण, तीन-तीन मीटर जाडीचा बर्फ. वाकवून मोडायला लागणारा भार जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: जाडी दुप्पट तर भार चौपट, जाडी चौपट तर भार सोळापट. वर तो बर्फ गोड्या पाण्याचा म्हणून कठीण, ते वेगळंच. त्यामुळे बाल्टिकमध्ये लीलया चालणारं जहाज इथे एकदम थांबतं, थोडं थोडं मंदावत नाही.

त्यावर बर्फाचे बांध. वाऱ्याने आणि प्रवाहाने दोन तक्ते एकमेकांवर रेटले की कडा मोडून ढीग उभा राहतो, शेताच्या बांधासारखा. वर दोन मीटर दिसला तर पाण्याखाली तो तिप्पट-चौपट असतो. नाळेखालचा पंखा नेमका त्या पाण्याखालच्या भागात जाऊन आपटतो. सपाट बर्फात बर्फाखाली पाणी असतं आणि पंख्याला ओढायला काहीतरी मिळतं, बांधाखाली मात्र बर्फाचेच ठोकळे खच्चून भरलेले असतात. म्हणजे जो भाग बर्फाचा आधार काढून घेणार होता तोच बर्फ कुटायला लागला. शिवाय पंख्याच्या दांड्यासाठी नाळेत भोक आणि बेअरिंग ठेवावं लागतं, म्हणजे सर्वांत जास्त मार खाणारी जागाच पोकळ होते. गळती आणि थरथर दोन्ही तिथूनच आली. पुढे जुनी नाळ कापून पुढच्या पंख्याशिवायची नवी बसवली आणि जहाजाची एकूण लांबी ९७.५ मीटर झाली. फिनलंडने मात्र १८९८च्या 'सांपो'पासून पुढचा पंखा बाल्टिकमध्ये अनेक दशकं सुखाने वापरला. तोच भाग एका समुद्रात उत्तम आणि दुसऱ्यात घातक, यात विरोधाभास काही नाही.

तिसरी अडचण कमी चर्चेत येते: बर्फावरचा हिम. उन्हाळ्यातला ओलसर हिम लोखंडी कुशीला फेसासारखा चिकटतो आणि जहाज दोन्ही बाजूंनी धरून ठेवतो. अशा वेळी बर्फ मोडलेला असूनही जहाज हलत नाही. कुशीच्या टाक्यांतलं पाणी इकडून तिकडे खेळवून झुलवणं हाच उपाय. मकारोवला हे कळलेलं होतं, म्हणून तर टाक्या होत्या. येर्माकच्या हालचालींचं चलच्चित्रण करून तो बर्फात जहाज कसं वागतं याचा अभ्यासही करत होता. १८९९ साली सिनेमाचा असा शास्त्रीय वापर करणारे फार नव्हते.

धडका देण्याची रीत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. बर्फात चर पाडून जहाज थांबलं की आपल्याच चरातून दोन-तीन जहाजांच्या लांबीइतकं मागे यायचं. मागे येण्याआधी सुकाणू मध्यावर आणायचं, यात हयगय चालत नाही, कारण वळलेलं सुकाणू मागच्या बर्फावर आपटलं की वाकतं किंवा तुटतं. मग पूर्ण वेगाने पुढे. चढून बसल्यावर जहाज थांबण्याच्या क्षणी इंजिन ताबडतोब उलटं फिरवायचं, उशीर केला तर नाळ बर्फात रुतते. रुतलीच तर आधी कुशीच्या टाक्या, मग पुढच्या टाकीतलं पाणी मागे, मग मागच्या बाजूला बर्फात नांगर रोवून दोर आवळायचा. आणि मागे येताना पंखा कधी बंद ठेवायचा नाही. सावकाश का होईना, फिरता ठेवायचा. फिरणारा पंखा तुकडे बाजूला सारतो, थांबलेल्या पंख्याच्या एकाच पात्यावर अख्खा तुकडा येऊन बसतो.

वाफेची पिस्टन-इंजिनं या कामाला फार चांगली होती. पंखा बर्फात अडकला तर इंजिन मंदावतं, गुरगुरतं, पण मोडत नाही, आणि दिशा चटकन उलटवता येते. तिची खरी दुखणी दोन: समुद्राचं पाणी आत घेणारी तोंडं बर्फाच्या चुऱ्याने बुजणं आणि कोळसा. बुजलेल्या तोंडात वाफ सोडून किंवा कंडेन्सरमधून (वाफ थंड करून तिचं पाणी करणाऱ्या भागातून) बाहेर पडणारं गरम पाणी तिथे परत वळवून भागतं. कोळशाला असा तोड नाही.

हिशेब करून बघा. त्या काळच्या चांगल्या तिहेरी प्रसरणाच्या (वाफ तीन टप्प्यांत वापरणाऱ्या) इंजिनाला दर अश्वशक्तीला तासाला साधारण पाऊण ते एक किलो कोळसा लागे. १०,००० अश्वशक्ती म्हणजे तासाला साडेसात ते दहा टन, दिवसाला दोनशे टनांच्या आसपास. ३,००० टन कोळसा घेतला तरी पूर्ण ताकदीचे पंधरा दिवस. त्यातला निम्मा परतीसाठी राखायचा. उरलेल्या आठवड्यात एक बांध फोडायला चार-चार तास धडका द्याव्या लागत असतील तर ध्रुव किती लांब आहे याचा अंदाज येईल. १,२२० अश्वशक्तीच्या जहाजाला तोच हिशेब लावला तर दिवसाला पंचवीस टनांच्या आसपास येतो. शोधमोहिमेत रोज किती बर्फ फोडला याला किंमत नसते, किती दिवस त्या पाण्यात टिकून राहता आलं याला असते.

१९०१ मध्ये मकारोव पुन्हा निघाला. मेंदेलेयेवशी तोवर त्याचं बिनसलं होतं. मेंदेलेयेवला ध्रुवावरून थेट जायचं होतं, मकारोवला किनाऱ्याच्या बाजूने. नोवाया झेमल्याच्या उत्तर भागाजवळ जुलैमध्ये येर्माक बर्फात सापडला तो ऑगस्टच्या सुरुवातीलाच सुटला. तिथे बर्फ जाड होता एवढंच कारण नाही. खरं कारण दाब. वारा बर्फाला किनाऱ्याकडे रेटतो, मागे किनारा असल्यामुळे बर्फाला सरकायला जागा नसते, आणि सगळा दाब जहाजाच्या कुशीवर येतो. मागे पाडलेला चर काही मिनिटांत मिटतो, म्हणजे धडक देण्यासाठी मागे यायलाच जागा उरत नाही. अशा वेळी दहा हजार अश्वशक्ती असो की चाळीस हजार, कोळसा जाळणं व्यर्थ. वारा फिरायची वाट बघायची, बॉयलर मंद ठेवायचे, जवळच्या जुन्या बर्फावरच्या तळ्यांतून बॉयलरसाठी गोडं पाणी भरून घ्यायचं. जुना बर्फ असा एका बाबतीत तरी उपकारी. सुटल्यावर येर्माक फ्रान्झ योझेफ लँडपर्यंत जाऊन आला, पण वर्ष हातातून गेलं होतं. त्यानंतर मकारोवकडून आर्क्टिकचं काम काढून घेतलं आणि येर्माक बाल्टिकच्या बंदरांना जुंपला. एप्रिल १९०४ मध्ये पोर्ट आर्थरजवळ 'पेत्रोपाव्लोव्स्क' ही युद्धनौका सुरुंगावर बुडाली तेव्हा मकारोव तिच्यावरच होता.

आता तैमिर आणि वायगाच. ही दोन्ही जहाजं १९०९ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या नेव्हस्की गोदीत बांधली गेली. लांबी सुमारे ५४ मीटर, रुंदी ११, एकच पंखा. दोन फुटांच्या आसपासचा सपाट बर्फ मोडतील एवढीच ऐपत. जोडी बांधली ती मुद्दाम: एक अडकलं तर दुसरं जवळ असावं, आणि दोघांनी समांतर जाऊन खोली मोजली तर नकाशाची पट्टी दुप्पट रुंद होते. सुएझ आणि हिंदी महासागरातून ती १९१० मध्ये व्लादिवोस्तोकला पोचली आणि तिथून दर उन्हाळ्यात बेरिंग सामुद्रधुनी ओलांडून पश्चिमेकडे थोडी थोडी पुढे सरकत राहिली. १९११ मध्ये कोलिमाच्या मुखापर्यंत, १९१२ मध्ये लेनाच्या पलीकडे. शरद लागला की परत. खोली मोजायची, सूर्य-ताऱ्यांवरून किनाऱ्यावरच्या जागा पक्क्या करायच्या, खुणेचे मनोरे उभारायचे. कंटाळवाणं काम. पण १९१३ मध्ये ही जहाजं तैमिर द्वीपकल्पाकडे निघाली तेव्हा मागचा किनारा त्यांच्या ओळखीचा झाला होता.

त्यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती. सैबेरियाचा किनारा उथळ आहे. उन्हाळ्यात नद्यांचं ऊबदार पाणी आणि जमिनीवरून येणारा वारा बर्फाला थोडं बाहेर लोटतात आणि किनाऱ्यालगत मोकळ्या पाण्याची पट्टी तयार होते. येर्माकचा तळ पाण्यात सात मीटरांहून खोल जाई, या दोघांचा पाच मीटरच्या आसपास. ज्या पट्टीतून ती सहज जात तिथे येर्माक गाळात बसला असता. आकाश वाचण्याची विद्याही अशा जहाजांचीच. क्षितिजावर ढगांच्या पोटाला पांढुरकी झळाळी दिसली तर खाली बर्फ, काळपट डाग दिसला तर खाली मोकळं पाणी. डोलकाठीवरच्या पिंपात बसलेला टेहळ्या दिवसभर ते काळे डाग शोधत असतो.

१९१३च्या उन्हाळ्यात मोहिमेचा प्रमुख सर्गेयेव आजारी पडला आणि सूत्रं बोरिस विल्कित्स्कीकडे आली. तैमिर द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाला, चेल्युस्किन भूशिराजवळ, किनाऱ्यापासून बर्फ पक्का चिकटलेला दिसला. विल्कित्स्कीने त्यावर धडका दिल्या नाहीत, तो बर्फाची कड धरून उत्तरेला वळला. आधी एक सखल बेट लागलं आणि ३ सप्टेंबरला समोर डोंगर. हीच सेव्हर्नाया झेमल्या, सुमारे ३७,००० चौरस किलोमीटरचा द्वीपसमूह. तेव्हा तिला सम्राट निकोलस दुसरा याचं नाव दिलं, आताचं नाव १९२६ सालचं. येर्माक तिथे असता तर भूशिराजवळचा तो बर्फ कदाचित फोडून सरळ गेला असता, आणि द्वीपसमूह त्याच्या उजव्या कुशीला धुक्यात राहून गेला असता.

म्हणून छोटी जहाजं निर्धोक होती असं कोणी समजू नये. १९१४ मध्ये ती पूर्व-पश्चिम पूर्ण मार्ग काढायला निघाली आणि तैमिरच्या किनाऱ्याजवळ एकमेकांपासून सुमारे ३० किलोमीटरवर गोठली. दाबाने तैमिरच्या फासळ्या मोडल्या. त्यांचं बिनतारी यंत्र मुख्य ठाण्यापर्यंत पोचत नव्हतं. पण त्याच हिवाळ्यात दुसऱ्या मोहिमांचा शोध घ्यायला आलेला नॉर्वेचा कप्तान ओटो स्वेर्ड्रुप 'एक्लिप्स' जहाजावर दक्षिणेला गोठून होता, त्याच्यामार्फत निरोप जाऊ लागले. अन्न पुरेना म्हणून ३९ खलाशांना स्वेर्ड्रुप बर्फावरून आपल्या जहाजाकडे घेऊन गेला आणि पुढे निकिफोर बेगिचेव त्यांना न्यायला रेनडिअर घेऊन आला. लेफ्टनंट झोखोव आणि भट्टीवाला लादोनिचेव तिथेच वारले. सप्टेंबर १९१५ मध्ये दोन्ही जहाजं अर्खांगेल्स्कला लागली. व्लादिवोस्तोकहून अर्खांगेल्स्क, वाटेत एक हिवाळा. वायगाच १९१८ मध्ये येनिसेईच्या मुखाजवळ खडकावर संपली.

यानंतरच्या दोन दशकांत मधला मार्ग निघाला. न्यूफाउंडलंडच्या सील-शिकाऱ्यांसाठी १९०९च्या सुमारास ब्रिटनमध्ये बांधलेली मजबूत पोलादी जहाजं रशियाने पहिल्या महायुद्धाच्या काळात विकत घेतली होती. त्यांना तिकडे बर्फफोडी स्टीमर म्हणत. पुरता आइसब्रेकर म्हणजे लोखंडी कवचात इंजिन आणि कोळसा, यांच्यात मात्र मालाची कोठारं शिल्लक असत. त्यांपैकी 'सेडोव' १९३० मध्ये वीझे बेटापर्यंत गेला. समुद्रशास्त्रज्ञ व्लादिमीर वीझेने १९२४ मध्येच 'स्व्याताया आन्ना' या हरवलेल्या जहाजाच्या वाहत जाण्याच्या नोंदी तपासून तिथे जमीन असणार असं कागदावर सांगितलं होतं. सेडोव तिथे गेला तेव्हा वीझे स्वतः जहाजावर होता. आइसब्रेकरच्या जोरावर झालेल्या शोधांतला मला हाच सर्वांत देखणा वाटतो.

'सिबिर्याकोव'ने १९३२ मध्ये अर्खांगेल्स्क ते बेरिंग सामुद्रधुनी हा मार्ग पहिल्यांदा एकाच हंगामात पार केला. कप्तान व्लादिमीर वोरोनिन, मोहीमप्रमुख ओट्टो श्मिट. शेवटच्या टप्प्यात काय मोडलं ते सविस्तर सांगतो, कारण पंख्याच्या बांधणीचं सगळं शास्त्र त्यात आहे. अशा जहाजांच्या पंख्याची पाती एकसंध ओतलेली नसतात. मधल्या गाभ्याला ती बोल्टने जोडतात, म्हणजे एक तुटलं तर तेवढंच बदलता येतं, आणि जादा पाती जहाजावर ठेवतात. कोल्युचिन बेटाजवळ सप्टेंबरमध्ये सिबिर्याकोवची पाती बर्फावर तुटली. गोदी नाही, पाणबुड्या नाही. मग मागच्या बंकरांतला सुमारे ४०० टन कोळसा माणसांनी पाठीवर वाहून नाळेकडे नेला, त्यामुळे मागची बाजू पाण्यावर उचलली गेली आणि नवी पाती बसली. जवळजवळ आठवडा गेला. दोनच दिवसांत पंख्याचा दांडाच मोडला आणि पंखा तळाला गेला.

बर्फातल्या जहाजात दुबळेपणाचा क्रम ठरलेला हवा: आधी पातं तुटावं, मग बोल्ट, मग दांडा, सर्वांत शेवटी इंजिन. म्हणजे नुकसान सर्वांत बाहेरच्या, बदलता येणाऱ्या भागावर थांबतं. जुन्या दांड्याला बारीक चिरा पडलेल्या असतात तेव्हा हा क्रम उलटतो. पाती नवी, दांडा थकलेला, मग मोडणार दांडाच. सिबिर्याकोवच्या लोकांनी पुढे स्फोटकांनी बर्फ फोडत, प्रवाहाबरोबर वाहत आणि ताडपत्र्यांची काळी शिडं उभारून १ ऑक्टोबरला बेरिंग सामुद्रधुनी गाठली. तिथून 'उस्सुरियेत्स' ट्रॉलरने ओढत नेलं. या यशाच्या जोरावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उत्तरी समुद्रमार्गाचं स्वतंत्र सरकारी खातं निघालं. पण पुढच्याच वर्षी 'चेल्युस्किन' हे मालवाहू जहाज त्याच वाटेने धाडलं गेलं आणि १३ फेब्रुवारी १९३४ रोजी बर्फाने चिरडलं. १०४ माणसं बर्फावर राहिली, दोन महिन्यांनी विमानांनी उचलली. एकदा गेलेली वाट म्हणजे वहिवाटीची वाट, हा समज तिथे फार महागात पडला.

मोठ्या आइसब्रेकरला आपली खरी जागा मिळाली ती विमानाची जोड लाभल्यावर. येर्माकचा धाकटा भाऊ म्हणावा असा 'क्रासिन' १९१६-१७ मध्ये न्यूकॅसललाच बांधला होता, नाव आधी 'स्व्यातोगोर'. पुढचा पंखा अर्थातच नाही. मे १९२८ मध्ये इटलीच्या नोबिलेचं 'इटालिया' हे वायूने तरंगणारं हवाईजहाज (एअरशिप) बर्फावर कोसळलं. ते ज्या किंग्ज बे वस्तीतून उडालं होतं तिचं आजचं नाव न्यू-ओलेसुंड. आपलं 'हिमाद्री' संशोधन केंद्र २००८ पासून त्याच गावात आहे, आणि ते चालवणारी संस्था गोव्यात वास्कोला आहे. समोयलोविचच्या नेतृत्वाखाली क्रासिन निघाला. वाटेत डाव्या पंख्याचं पातं गेलं, सुकाणूही दुखावलं. पण बर्फावरून उडालेल्या बोरिस चुख्नोव्स्कीच्या विमानाने माणसं हेरली, आणि १२ जुलैला जहाज आधी मारियानो आणि झाप्पी या वाचलेल्यांपैकी दोघांपाशी आणि मग बाकीच्यांच्या लाल तंबूपाशी पोचलं. येर्माकच्या ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकण्याच्या उंच जागेवरून, मकारोवला चार-पाच मैल दिसत होते, क्रासिनला पुढचा दिवस दिसत होता. सगळी ताकद योग्य फटीत लावता आली.

येर्माकचीही पुन्हा पाळी आली. १९३७च्या अखेरीस 'सेडोव', 'साद्को' आणि 'मालिगिन' लाप्तेव समुद्रात अडकले आणि बर्फाबरोबर उत्तरेला वाहत गेले. ऑगस्ट १९३८ मध्ये चाळिशीला टेकलेला येर्माक ८३ अंश ५ मिनिटांपर्यंत गेला. स्वतःच्या बळावर चाललेल्या जहाजाने तोवर एवढी उत्तर गाठली नव्हती, आणि १८९९ मध्ये तो जिथून परत फिरला होता त्याच्या दीड अंशाहून जास्त पुढे हे ठिकाण होतं. साद्को आणि मालिगिन सुटले. सेडोव मात्र राहिला. हिवाळ्यात बर्फाच्या दाबाने त्याचं सुकाणू वाकून एका बाजूला अडकलं होतं, त्यामुळे ओढताना तो सरळ येईना आणि चराच्या भिंतीत घुसे. येर्माकच्या पंख्याचंही नुकसान झालं होतं, कोळसा मोजका होता. कप्तान बादिगिनसह १५ जण सेडोववर थांबले आणि एकूण ८१२ दिवस वाहत राहिले. जानेवारी १९४० मध्ये नव्या पिढीच्या आइसब्रेकरने त्यांना ग्रीनलंड समुद्रातून बाहेर काढलं.